मीटर म्हणजेच किलोहर्ट्झ

‘२३९.८ मीटर म्हणजेच १२५१ किलोहर्ट्झ.’ आकाशवाणीच्या सांगली केंद्राचा हा पत्ता. त्यातला ‘म्हणजेच’ मला लहानपणापासून आवडतो. एकच पत्ता दोनदा का सांगायचा, हे मात्र फार उशिरा कळलं.

दोघांत मीटर थोरला. १८८८ साली जर्मनीत कार्ल्सरूहेला हाइनरिश हर्ट्झनं भिंतीवरच्या जस्ताच्या पत्र्यावरून विद्युतचुंबकीय लहरी परतवल्या. हातातल्या तारेच्या कड्यात ठिणगी कुठे पडते, कुठे विझते हे बघत त्यानं लहरीची लांबी काढली. सेकंदाला होणारी कोट्यवधी कंपनं मोजायचं साधन तेव्हा नव्हतं. लांबीला पट्टी पुरत होती. पुढे जहाजांचे बिनतारी संदेशही ६०० मीटरवर चालले.

१९२०च्या दशकात केंद्रांची गर्दी झाली आणि मीटर अपुरा पडला. शेजारची केंद्रं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जे अंतर राखायचं, ते वारंवारतेचं. आज आपल्याकडे मध्यम लहरींवर दर ९ किलोहर्ट्झला एक जागा आहे. १२५१ला ९नं पूर्ण भाग जातो, तो त्यामुळेच. सांगलीपाशी हे अंतर जेमतेम १.७ मीटर भरतं, मुंबईच्या ५५८पाशी तेच साडेआठ मीटर होतं. अशा मापानं जागा कशा वाटायच्या? म्हणून किलोसायकल आले. १९६० साली एककाच्या हर्ट्झ या नावावर आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झालं आणि त्यांचेच पुढे किलोहर्ट्झ झाले.

सांगली केंद्र १९६३चं. तेव्हाच्या रेडिओच्या काचेवर दोन्ही पट्ट्या असत. बटण फिरवलं की दोरीला बांधलेला काटा सरके. एका पट्टीवरचे आकडे चढत, दुसरीवरचे उतरत. त्या चढउताराला पक्का नियम आहे. २३९.८ला १२५१नं गुणा. पुण्याच्या ७९२ला त्याच्या ३७८.८ मीटरनं गुणा. दोन्हीकडे उत्तर तीन लाखांच्या आसपास, म्हणजे प्रकाश सेकंदाला जितके किलोमीटर जातो तितकं. निवेदक सहज उच्चारतो त्या ‘म्हणजेच’मध्ये प्रकाशाचा वेग आहे, हे समजलं त्या दिवशी मी रेडिओजवळून उठलोच नाही.

सांगलीहून साताऱ्यापर्यंत सरळ रेषेत अंदाजे ११० किलोमीटर. तेवढ्या वाटेत सांगलीच्या साडेचारशेच्या वर लहरी मावतात. जवळजवळ पाव किलोमीटर लांबीची लहर जमिनीला धरून जाते, टेकाडांना वळसा घालते. साताऱ्याचं एफएम १०३.१ मेगाहर्ट्झवर, त्याची लहर तीन मीटरहूनही आखूड. डोंगर आडवा आला की आवाज खरखरतो.

एफएमवर मीटर कोणी सांगत नाही. पण साताऱ्यासाठी रेडिओची एरियल ओढून ताठ करा आणि पट्टी लावा. त्र्याहत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरली, तर ती १०३.१च्या लहरीचा चौथा हिस्सा आहे.