गुलाबी कॅसेट

डोंबिवलीच्या सायबर कॅफेमध्ये तासाला वीस रुपये मोजून व्हाइस सिटी खेळणाऱ्या आम्हा पोरांना एक पक्कं ठाऊक होतं: मशीन आपलं नाही, आपलं आहे ते फक्त सेव्ह. हॉटेलात तरंगणाऱ्या गुलाबी कॅसेटवर खेळाचा नायक टॉमीला नेलं की आठ स्लॉट उघडायचे. स्लॉट आठ आणि त्या मशीनवर बसणारी पोरं वीसेक. कुणाचं ना कुणाचं मिशन पुसलं जायचंच. त्यावरून मोडलेली एक मैत्री मला अजून सलते.

आता हा खेळ ब्राउझरच्या टॅबमध्ये चालताना पाहिला, की त्यात मला ते सायबरच दिसतं.

या खेळाचं मूळ घराणं स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातलं. तिथल्या डीएमए डिझाइन कंपनीच्या ज्या खेळातून १९९७ साली पहिला जीटीए निघाला, त्याचं आधीचं नाव 'रेस अँड चेस'. पोलिसांच्या गाड्या चुकून अंगावर धावून यायला लागल्या आणि खेळणाऱ्यांना तीच चूक आवडली. त्याच मालिकेतली व्हाइस सिटी प्लेस्टेशन २ वर आली २००२ मध्ये, कॉम्प्युटरवर मे २००३ मध्ये. तिला १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड लागे. आमच्याकडच्या असेंबल केलेल्या पीसीला ते झेपायचं नाही, म्हणून सायबर. तिथली कॉपी 'रिप' केलेली, जागा वाचवायला गाणी काढून टाकलेली. खेळातल्या गाड्यांत रेडिओ वाजतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं!

२००५ च्या सुमारास कल्याण-डोंबिवलीत लोडशेडिंगने कहर केला होता. यूपीएस कुईकुई करू लागला की सगळे गाड्या पिटाळत कॅसेटकडे धावायचे. मिशन चालू असताना सेव्ह होत नसे. पुढे सायबरवाल्या काकांनी डीप फ्रीझ टाकलं. मशीन रीस्टार्ट झालं की डिस्क जशीच्या तशी पूर्ववत, व्हायरसही गायब आणि आमचे आठही स्लॉट गायब.

ब्राउझरची वाट २०१३ मध्ये मोझिलाच्या एएसएम डॉट जेएसने मोकळी केली. २०१७ मध्ये वेबअसेंब्ली चारही मोठ्या ब्राउझरांत पोचली आणि सी प्लस प्लसमधले जड खेळ टॅबमध्ये चालवणं शक्य झालं. व्हाइस सिटीचा कोड हौशी लोकांनी उलगडून नव्याने लिहिला होता. खेळाची मालक कंपनी टेक-टूने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो गिटहबवरून उतरवायला लावला, सप्टेंबरमध्ये त्या लोकांना कोर्टात खेचलं. चित्रं आणि आवाज कंपनीचे, हे मला मान्य आहे. तरी तो कोड उलगडणं ही मोठी कारागिरी होती, आणि ती हातोहात पसरत राहिली; टॅबमधला खेळ त्यावरच उभा आहे.

टॅबमधलं सेव्ह ब्राउझरच्याच कप्प्यात राहतं. साइटचा डेटा पुसला की संपलं, इन्कॉग्निटो बंद केलं की संपलं. ठाण्यातला माझा भाचा परवा याच कारणाने रडवेला झाला होता. "मामा, कालपर्यंतचं सगळं गेलं." मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली, साध्या खिडकीत खेळ उघडला आणि आम्ही पहिल्या मिशनपासून सुरुवात केली.