सुरक्षा परिषद निवडणूक (आर्बिट्रम)

विकेंद्रित ब्लॉकचेन-कारभारात तातडीचे सुरक्षा-अधिकार वापरणारे सदस्य टोकनधारकांनी निवडण्याची पद्धत.

उगम : इथेरियमवर आधारलेल्या आर्बिट्रमचा (पहा : इथेरियम) कारभार मार्च २०२३ मध्ये एआरबी टोकनधारकांकडे आला, पहिली निवडणूक सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली.

वैशिष्ट्ये : परिषदेत १२ सदस्य असून सहा-सहांचे दोन गट असतात. आर्बिट्रमच्या मूळ संविधानानुसार दर सहा महिन्यांनी एक गट निवडला जाई. त्याच संविधानानुसार इच्छुकाला अंतिम फेरीसाठी मतदानयोग्य टोकनांपैकी ०.२ टक्के पाठिंबा आवश्यक असे. त्यानंतर पात्रतेची पडताळणी होते. तातडीच्या कृतीस नऊ सदस्यांच्या स्वाक्षऱ्या लागतात.

महत्त्व : सार्वत्रिक मतदानाची वाट न पाहता गंभीर त्रुटी दुरुस्त करता येते. मुंबईत मॅटिक नावाने सुरू झालेल्या पॉलिगॉननेही २०२३ मध्ये १३ सदस्यांचे प्रोटोकॉल मंडळ नेमले (पहा : पॉलिगॉन).