धारूरची न झालेली भेट

दख्खनच्या इतिहासात बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या धारूरचे नाव दोन प्रसंगी असे येते की, तेथे जे घडले किंवा घडता घडता राहिले, त्यामुळे पुढील घटनांची वाट बदलली. पहिल्या प्रसंगी ती एका बाणाने बदलली आणि दुसऱ्या प्रसंगी एका सेनापतीच्या निर्णयाने; त्यामुळे जे घडले ते अटळ होते की टळू शकले असते, हा इतिहासाचा जुना प्रश्न तपासून पाहण्यास हे गाव सोयीचे ठरते. हाच प्रश्न विसाव्या शतकात कालप्रवासाच्या कथेने, म्हणजे माणूस भूतकाळात वा भविष्यकाळात जाऊन येतो या कल्पनेवर उभ्या असलेल्या विज्ञानकथेने, नव्याने मांडला, आणि मराठीत तो पानिपतच्या निमित्ताने मांडला गेला. त्या पानिपतकडे जाणारी वाट धारूरच्या जवळून गेली होती, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही.

धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान याने 1567 च्या सुमारास बांधला. सरहद्दीवरचे हे ठाणे अहमदनगरच्या निजामशाहीला खुपणारे होते, आणि दोनेक वर्षांतच मुर्तझा निजामशाह त्यावर चालून आला. फिरिश्त्याने आपल्या तवारिखेत, म्हणजे फारसी इतिहासग्रंथात, दिलेल्या हकिकतीनुसार किश्वरखानाच्या उद्धट पत्राने चिडलेला हा सुलतान, किल्ला हाती आल्याशिवाय घोडा आवरणार नाही अशा हट्टाने थेट दरवाजावर गेला. तटावरून मारा चालू असतानाच तो एकाएकी थांबला, आणि आत शिरलेल्या लोकांना किश्वरखान बाण लागून मरून पडलेला आढळला. ज्या किल्ल्यापुढे महिनोन्महिने वेढा घालून बसावे लागले असते, तो एका बाणाने पडला. पुढे 1631 मध्ये शाहजहानचा सरदार आजमखान याने धारूर मोगलांकडे आणले आणि मोगली अमलात गावाला फतेहाबाद, म्हणजे विजयाचे नगर, असे नाव मिळाले.

दुसरा प्रसंग याहून महत्त्वाचा आहे, पण तो धारूरला घडला असे म्हणता येत नाही, कारण त्याचे सारे महत्त्व धारूरला काही न घडण्यात आहे. 1760 च्या आरंभी सलाबतजंग आणि निजामअली हे निजामाच्या घराण्यातील बंधू उदगीरच्या बाजूस पेशव्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या फौजांनी वेढले गेले होते. तोफखान्याच्या आसऱ्याने सरकत सरकत धारूर गाठायचे आणि तेथे असलेल्या आपल्या ताज्या फौजेला मिळायचे, असा त्यांचा बेत होता; ग्रँट डफने या फौजेचा आकडा सात हजारांच्या वर दिला आहे. ही भेट झाली तर लढाईचा निकाल अनिश्चित होईल, हे भाऊंनी ओळखले आणि 3 फेब्रुवारी 1760 रोजी औशाच्या परिसरात शत्रूवर निकराचा हल्ला चढवला. निजामाच्या सैन्याची एक बाजू कापली गेली, धारूरची फौज धारूरलाच राहिली, आणि तहात सुमारे 60 लाखांचा मुलूख व त्यासोबत दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी नामांकित ठाणी पेशव्यांच्या पदरात पडली.

या विजयाचे पुढचे पाऊल परतूरला पडले. मराठा सरदार दत्ताजी शिंदे 10 जानेवारी रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर मारले गेल्याची बातमी दक्षिणेत आली होती, उत्तरेत कोणाला पाठवावे हा प्रश्न होता, आणि आधीच्या मोहिमेत कर्ज करून परतलेल्या रघुनाथरावांऐवजी नुकतेच निजामाला नमवून आलेले भाऊ मार्च 1760 मध्ये पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांच्यासह तेथून उत्तरेकडे निघाले. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना, ज्याने उदगीरच्या मोहिमेत आपली किंमत दाखवली होती, तोही त्यांच्याबरोबर गेला. आता 'जर-तर'ची साखळी मांडणे सोपे आहे: निजामाची फौज धारूरला पोहोचली असती, तर मोहीम लांबली असती; मोहीम लांबली असती, तर भाऊ मार्चमध्ये मोकळे झाले नसते; आणि ते मोकळे नसते, तर पानिपत निदान त्या माणसांनी आणि त्या रीतीने लढले नसते. जर-तरला इतिहासात स्थान नाही असे म्हटले जाते. परंतु अमुक गोष्ट तमुक गोष्टीचे कारण झाली, असे विधान करणारा प्रत्येक इतिहासकार पहिली नसती तर दुसरी झाली नसती असेही सुचवीत असतो, आणि त्यामुळे जर-तर हे कारणमीमांसेचेच दुसरे अंग ठरते.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. जे घडते ते आधीच्या कारणांनी पूर्णपणे ठरलेले असते, दुसरे काही घडू शकत नाही, या मताला नियतिवाद म्हणतात. फ्रेंच गणिती लाप्लास याने 1814 मध्ये, विश्वातील प्रत्येक कणाची स्थिती व गती जाणणाऱ्या बुद्धीला भविष्यही भूतकाळाइतकेच स्पष्ट दिसेल, अशा रूपात त्याची वैज्ञानिक मांडणी केली. उलट, निवड करणाऱ्याला खरोखरच दोन वाटा खुल्या असतात, या मताला इच्छास्वातंत्र्य म्हणतात. भारतीय विचाराने मधली सोय फार पूर्वी केली होती: प्रारब्ध, म्हणजे पूर्वकर्माचे भोगून संपवावयाचे फळ, टळत नाही, पण क्रियमाण, म्हणजे आता होत असलेले कर्म, माणसाच्या हाती असते. बखरकारांनी पानिपतचा उलगडा करताना यांपैकी पहिल्या अर्ध्यावरच भर दिला, आणि होणार बलवत्तर म्हणून बुद्धी तशी फिरली, हा त्यांचा आवडता निष्कर्ष राहिला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडाला जोडलेल्या प्रस्तावनेत दैवाला बाजूस सारून माणसांच्या चुका मोजल्या, आणि प्रारब्धाची जागा जबाबदारीने घेतली.

पाश्चात्त्य कालप्रवासाची कथाही याच दोन टोकांमध्ये फिरली आहे. एच. जी. वेल्सच्या 1895 च्या 'टाइम मशीन' या कादंबरीतील प्रवासी मुख्यतः भविष्यात गेला, त्यामुळे झालेले बदलण्याचा पेच तेथे उभा राहिला नाही. तो उभा राहिला प्रवासी मागे जाऊ लागल्यावर. भूतकाळात जाऊन एखाद्याने आपल्या आजोबांना तरुणपणीच ठार केले, तर तो स्वतः जन्मणार कसा आणि मारणार कोण, या कोड्याला आजोबांचा विरोधाभास म्हणतात. रे ब्रॅडबरीने 1952 च्या एका कथेत पायाखाली चिरडलेल्या एका फुलपाखराने सारा वर्तमान बदललेला दाखवला, तर रॉबर्ट हाइनलाइनने 1941 आणि 1959 च्या कथांत असे दाखवले की, प्रवासी जे टाळू पाहतो तेच त्याच्या हातून घडते. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस याने 1976 मध्ये या कोड्याची गाठ 'शकतो' या एका शब्दात असल्याचे दाखवले: हाती बंदूक आहे आणि नेम अचूक आहे, एवढेच विचारात घेतले तर नातू आजोबांना मारू शकतो, पण आजोबा पुढे जगले हे वास्तवही हिशेबात धरले तर तो मारू शकत नाही. दोन्ही विधाने खरी आहेत, कारण 'शकतो' म्हणताना प्रत्येक वेळी निराळी माहिती गृहीत धरलेली असते.

मराठीत हा विचार जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत आला. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधन केलेल्या या खगोलशास्त्रज्ञाने 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने कथा पाठवून लेखनास आरंभ केला होता. या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जातात, जिथे विश्वासरावांना गोळी लागता लागता राहिली आणि मराठे पानिपत जिंकले. त्यांचे मित्र राजेंद्र या अनुभवाचा उलगडा कॅटॅस्ट्रॉफी थिअरीने, म्हणजे परिस्थितीतील अल्पशा फरकाने परिणामात एकदम मोठी उडी कशी पडते हे सांगणाऱ्या गणिती सिद्धांताने, आणि पुंजभौतिकीतील अनिश्चिततेने करतात: इलेक्ट्रॉन नेमका कोठे जाईल हे आधी सांगता येत नाही, तेव्हा त्याच्या प्रत्येक संभाव्य वाटेला आपले आपले जग असू शकते.

या कथेतील एक गोष्ट सूक्ष्म आहे. इतिहासाची वाट येथे गोळीने बदलते, कोणाच्या निर्णयाने नव्हे. आणि स्वतः गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात काहीच बदलू शकत नाहीत, सभेतील रिकाम्या खुर्चीत बसून बोलू पाहतात तेव्हा श्रोतेच त्यांना बोलू देत नाहीत. नियतिवाद मोडला, पण त्याच्या जागी इच्छास्वातंत्र्य आले नाही. आली ती यदृच्छा, म्हणजे कारणाशिवाय किंवा हेतूशिवाय घडणारी आकस्मिक गोष्ट. इलेक्ट्रॉनची वाट ठरलेली नसते म्हणून तो स्वतंत्र ठरत नाही, आणि ज्या बाणाने किश्वरखान पडला त्यानेही कसली निवड केली नव्हती.

औशाची लढाई म्हणूनच या चर्चेत वेगळी ठरते. भाऊंना मिळालेली परिस्थिती, म्हणजे धारूरची फौज, निजामाचा तोफखाना आणि मधले अंतर, त्यांच्या निवडीची नव्हती. पण वाट पाहावी की तुटून पडावे, ही निवड त्यांचीच होती. त्या सकाळी त्यांच्यापुढे जेवढी माहिती होती, तेवढीच धरली तर ते थांबू शकले असते. 1761 चा निकाल ठाऊक असलेल्या वाचकाला मात्र ते थांबू शकत नव्हते असे वाटू लागते, आणि नेमक्या याच जागी लुईसने सांगितलेले दोन 'शकतो' एकमेकांत मिसळतात. बखरकार एका अर्थाने कालप्रवासीच असतो, कारण तो निकाल खिशात घेऊन भूतकाळात शिरतो आणि मग त्याला सर्वत्र होणारच दिसते. ज्याला अटळ म्हटले जाते ते बहुतेक वेळा मागे वळून पाहणाऱ्याच्या जागेवरून दिसणारे दृश्य असते. ती जागा सोडून लढणाऱ्याच्या जागी उभे राहणे, एवढेच इतिहासकाराला शक्य असलेले कालप्रवासाचे रूप आहे.

त्या जागेवरून पाहिले तर असे दिसते की, भाऊंचा निर्णय योग्य होता, तो त्यांनी स्वतः घेतला होता आणि त्याचे पुढचे फळ त्यांच्या हाती नव्हते. या तीन गोष्टींत परस्परविरोध नाही. औशाच्या विजयानंतर अकरा महिने आणि अकरा दिवसांनी, 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपतची लढाई झाली.