खांद्यावरचे मूल

तलासरी तालुक्याच्या उत्तर सीमेवर, उंबरगावला अगदी लगटून, वेवजी हे गाव वसले आहे. आज गावाच्या शिवेपलीकडे गुजरात राज्य सुरू होते. परंतु १ मे १९६० पूर्वी ही सीमा अस्तित्वात नव्हती, आणि उंबरगाव, संजाण, तलासरी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात एकाच मामलेदाराच्या अमलाखाली नांदत होता. द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उत्तरेकडील गावे गुजरातेत गेली, उरलेली तलासरीच्या नावाने महाराष्ट्रात राहिली, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ती नव्या पालघर जिल्ह्यात मोडू लागली. फिरंगी, मराठे आणि इंग्रज अशा तिन्ही अमलांनी या भूमीचे हिशेब ठेवले; जमाबंदी झाली, ताडामाडांवर पट्टी बसली, मोहाच्या फुलांवर अबकारी खात्याचा पहारा आला, जंगलखात्याने हद्दी आखल्या आणि कुरणांतील गवताचे वजनही झाले. तान्ह्या मुलाने प्यालेले दूध आणि प्यायल्यावर बाहेर टाकलेले दूध मात्र कोणत्याही दप्तरात आले नाही. तरीही दूध टाकणाऱ्या मुलाला या प्रदेशात कोणी आणि कसे वाढवले, याचा माग औषधांच्या पोथ्यांतून, वखारींच्या व्यापारातून आणि मजुरीच्या लढ्यांतून थोडाफार काढता येतो.

मुलाने दूध टाकणे ही मुळात व्याधी नव्हे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेले स्नायूंचे वलय पहिल्या काही महिन्यांत पुरते सावध झालेले नसते, आहार सगळा द्रवरूप असतो, आणि मूल दिवसाचा बहुतेक काळ आडवे असते. या तीन कारणांच्या संयोगाने जठरातील दूध उलट वर येते, चौथ्या महिन्याच्या सुमारास हा प्रकार परमावधीला पोहोचतो, आणि मूल बसू लागले, घन अन्न खाऊ लागले, की वर्ष-दीड वर्षात तो बहुधा आपोआप थांबतो. दूध टाकणारे मूल बाळसे धरते, हा आजीबाईंचा दिलासा यामुळेच पुष्कळ घरांत खरा ठरला. परंतु काही मुलांच्या बाबतीत तो खरा ठरत नाही. अशी मुले पाजताना पाठीची कमान करून किंचाळतात, स्तन तोंडातून सोडून देतात, रात्रभर कण्हतात, वजनाने वाढत नाहीत. त्यांच्या अंगाचा आणि आईच्या पदराचा आंबट वास आठवडेच्या आठवडे जात नाही. त्या आईला दिलाशाचा नव्हे, मदतीचा हात हवा असतो, आणि तो तिला कोणत्या काळी कितपत मिळाला, हा या लेखाचा विषय आहे.

प्राचीन वैद्यांनी या प्रश्नाकडे जितक्या बारकाईने पाहिले, तितक्या बारकाईने पाहणे नंतर अनेक शतके कोणाला साधले नाही. सुश्रुताने बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे आहारावरून वर्ग पाडले, आणि स्तन्याची शुद्धी पाण्यात थेंब टाकून तपासण्याची रीत सांगितली. काश्यपसंहितेत तर 'वेदनाध्याय' नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे त्याच्या हालचालींवरून कसे ताडावे, हा त्याचा विषय, आणि कारणावाचून वरचेवर ढेकर देणारे, पेंगुळलेले, जांभया देणारे मूल आता ओकणार हे ओळखावे, असे त्यात सांगितले आहे. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून ही संहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात १९३८ साली छापली गेली, तोवर महाराष्ट्रातील वैद्यांना ती प्रत्यक्ष वाचावयास मिळणे दुर्घट होते. या शास्त्राचा कल दोष दुधात, म्हणजे पर्यायाने आईत किंवा दाईत, शोधण्याकडे होता. मूल ओकले की आईने काय खाल्ले याची चौकशी घरोघर सुरू होते, तिचे एक मूळ येथे आहे; त्या चौकशीने किती बाळंतिणी निष्कारण उपाशी राहिल्या असतील, ते सांगवत नाही.

पोथी दुर्मिळ असली तरी सहाण घराघरांत होती. डहाणू, बोर्डी, उंबरगाव या किनाऱ्यावरील सुस्थित घरांत मुलाला रोज सकाळी गुटी उगाळून देत. वेखंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, डिकेमाली, सागरगोटा, ज्येष्ठमध, आणि पुढे बदाम-खारीक. एकेकाचे किती वळसे द्यावयाचे हे मुलाच्या वयावर आणि आजीच्या अंदाजावर ठरे. पोट फुगले तर डिकेमालीचा वळसा वाढे, पोटात मुरडा असला तर मुरुडशेंगेचा, आणि मूल ओकत असेल तर अतिविष, काकडशिंगी व नागरमोथा यांना मान मिळे. या तिहींत पिंपळी मिळवली की 'बालचातुर्भद्र' होते. चक्रदत्ताने अकराव्या शतकात सांगितलेले हे चूर्ण ज्वर, अतिसार, खोकला आणि ओकारी अशा तक्रारींवर मधातून चाटवीत. (एक वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये, त्यातील जंतुबीजांपासून जीवघेणी विषबाधा होऊ शकते, हे आधुनिक वैद्यकाचे म्हणणे येथेच नोंदवून ठेवतो, परंपरेविषयी आदर असला तरी मुलाच्या जिभेवर तिची परीक्षा पाहू नये.)

या गुटीच्या डबीचा भूगोल पाहण्यासारखा आहे. अतिविष आणि काकडशिंगी हिमालयातून येत. काकडशिंगी तर फळ नव्हे, शेंगही नव्हे, कीटकांमुळे झाडावर आलेली पोकळ गाठ. जायफळ समुद्रापलीकडचे. हिरडा आणि पिळाची मुरुडशेंग मात्र सह्याद्रीच्या उतारांवरील, या भागातील वारली आदिवासींच्या पायाखालच्या रानातील. १८६४ साली मुंबई-सुरत लोहमार्ग या पट्ट्यातून पुरा झाला, आणि रानातला माल गाडीने मुंबईच्या बाजारी जाऊ लागला. काष्ठौषधींच्या दुकानातून तोच पुन्हा पुडीत बांधून गिरगावातल्या बाळंतिणीच्या खोलीत पोहोचे. हिरडा वेचणाऱ्या वारली बाईच्या पदरी त्या किमतीतले फारच थोडे पडत असे. तिच्या स्वतःच्या पाड्यावर मूल ओकू लागले तर सुईण होती, भगत होता, भगताने तांदळाचे दाणे पाहून सांगितलेले कारण होते, आणि झाडपाल्याची स्वतःची, कोठेही न छापलेली विद्या होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाटलीतले औषध आले. गिरगावच्या के. टी. डोंगरे कंपनीचे बालामृत मराठी-गुजराती पत्रांतील जाहिरातींनी घरोघर माहीत झाले. विलायतेहून आलेल्या ग्राइप वॉटरचा जनक नॉटिंगहॅमचा विल्यम वुडवर्ड. १८५१ च्या सुमारास त्याने जे मिश्रण सिद्ध केले, त्यात शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि थोडे मद्य होते. सोड्याने आम्ल मारले जाई, मद्याने मूल झोपी जाई, आणि शेपू तर बाळंतशेपा म्हणून आमच्या बाळंतिणी पिढ्यान्‌पिढ्या चघळतच होत्या. त्याहून भयंकर उपाय अफूचा. मुंबईत 'बाळगोळी' म्हणून ती उघड विकली जाई, आणि १९२० नंतरच्या वर्षांत गिरणीतील बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स बाईंना असे आढळले की कामावर जाणाऱ्या बहुतेक आया मुलाला अफू देऊन जातात. त्या आयांना दूषण देणे सोपे आहे. दहा तास यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या रडत्या, ओकत्या मुलाला खांद्यावर घेण्यास चाळीत कोणी नव्हते, म्हणून ते मूल निजवून ठेवले जात होते.

पाश्चात्त्य वैद्यकालाही हा विकार उशिराच उमगला. १९४७ साली न्यूहाउजर आणि बेरनबर्ग या अमेरिकन वैद्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले की काही अर्भकांच्या वांतीचे कारण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे शैथिल्य हे आहे. आणि त्यांनी उपाय सांगितला तो मुलाला उभे धरण्याचा. पुढे औषधे आली आणि गेली. सिसाप्राइड हृदयाला घातक ठरून २००० च्या सुमारास अनेक देशांतून मागे घेतले गेले, रॅनिटिडीन २०२० साली अमेरिकेच्या बाजारातून काढण्यात आले. आम्ल कमी करणारी इतर औषधे निवडक मुलांना आजही देतात, पण सामान्य दूध टाकण्यावर ती देऊ नयेत असेच तज्ज्ञ सांगतात. पाजून झाल्यावर मुलाला वीस-तीस मिनिटे खांद्याशी उभे धरावे, थोडे थोडे पण वरचेवर पाजावे, मधूनमधून ढेकर काढावी, आणि निजवताना मात्र सपाट जागी, उताणेच निजवावे: एवढ्या शोधानंतर शिल्लक राहिलेला मुख्य उपाय हा एवढाच आहे. ओकारी हिरवी असेल, तीत रक्त दिसेल, ती पिचकारीसारखी उडेल किंवा मूल वजनाने खाली येईल, तर मात्र क्षणाचा विलंब न करता दवाखाना गाठावा लागतो.

खांदा हा उपाय स्वस्त खरा. परंतु त्याला वेळ लागतो, आणि वेळ ही वस्तू वेवजीच्या आसमंतातील वारली बाईच्या मालकीची नव्हती. उंबरगाव आणि डहाणू या तालुक्यांत जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार वेठ घेत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या माणसाला 'लग्नगडी' म्हणत, आणि त्याच्या जोडीने त्याची बायकोही धन्याच्या कामाला बांधली जाई. ज्या बाईने मूल घरी ठेवून दिवसभर शेणगोठा करावयाचा, भात लावावयाचा, ती त्याला थोडे थोडे, वरचेवर कशी पाजणार? परतल्यावर भरल्या स्तनांशी भुकेले मूल घाईने ओढी आणि तितक्याच घाईने ते बाहेर टाकी, असे अनुमान करण्यास शरीरशास्त्राचा पूर्ण आधार आहे.

२३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेची परिषद भरली आणि हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याच पावसाळ्याअखेर गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी होती. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मरण पावले. गोदावरीबाईंनी हा लढा पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इतिहासकार या लढ्याला वेठमुक्तीचा आणि मजुरीचा लढा म्हणतात, ते बरोबरच आहे; मला मात्र असे वाटते की बालसंगोपनाच्या इतिहासातही त्याला गुटीच्या डबीहून मोठे स्थान द्यावयास हवे. वेठ नाकारता येऊ लागली, तेव्हा दिवसाचे काही तास तरी आईच्या हाती आले.

१९४५ सालीच, थोड्याच अंतरावर बोर्डीला, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत याचे कारण शोधताना या दोघींना दिसले की सात-आठ वर्षांची मुलगी घरी राहते ती कडेवरच्या भावंडासाठी. आई रानात, शेतात. मुलाला उभे धरणारा खांदा असतो तो त्या चिमुरड्या बहिणीचा. मग मुलगी शाळेत यावयाची तर भावंडही आले पाहिजे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरू लागली, आणि तिला 'विकासवाडी' हे नाव पडले. शाळा मुलांच्या अंगणात नेली ती अंगणवाडी, गुरे राखणाऱ्यांच्या कुरणात नेली ती कुरणशाळा. या प्रयोगांचे कौतुक शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत भरपूर झाले आहे. त्यातील पाळणाघराकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः तान्ह्या मुलाला सांभाळण्याचे काम हे घरातील एखाद्या पोरीच्या गळ्यात टाकून मोकळे होण्याचे काम नव्हे, त्यासाठी संस्था लागते, हे या तालुक्यांत प्रथम त्या पाळणाघराने मान्य केले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले; परंतु तिच्या बालवर्गात मूल बसू लागते ते तीन वर्षांचे झाल्यावर, आणि दूध टाकण्याचे वय तर बहुधा वर्ष-दीड वर्षातच सरते.

आज वेवजीच्या आसपासच्या बायकांपुढे उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीतले रोजंदारीचे काम आहे. दिवसातून आठ-दहा वेळा पाजावयाचे आणि प्रत्येक वेळी अर्धा तास मुलाला उभे धरावयाचे म्हटले, तर केवळ धरण्याचेच चार-पाच तास होतात. मातृत्व लाभाच्या कायद्याने २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा दिली, पण ती हजेरीपत्रकावर नाव असलेल्या बाईला. ठेकेदाराच्या टेम्पोतून येणाऱ्या बाईला बहुधा ती मिळत नाही. तिच्यासाठी त्याच वर्षी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली, आणि पहिल्या अपत्याला पाच हजार रुपये, तेही हप्त्यांनी, मंजूर झाले. ही रक्कम पुरी खर्ची पडून आई कामावर परत जाते, तेव्हा मूल पुष्कळदा चार महिन्यांचेही झालेले नसते.