रोमँटिक कवितेत स्त्रीचं सौंदर्य कसं दिसतं?

'रोमँटिक कविता' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या प्रेमाच्या ओळी. साहित्याच्या इतिहासात मात्र हा शब्द एका काळाचं आणि एका चळवळीचं नाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात ही चळवळ जोर धरू लागली. ठरीव नियमांपेक्षा भावना, कोरड्या तर्कापेक्षा कल्पनाशक्ती आणि शहरापेक्षा निसर्ग या कवींना जवळचा वाटत होता. मराठीत तिला 'स्वच्छंदतावाद' असंही म्हणतात. इंग्लंडमध्ये वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांचा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह १७९८ साली आला. इंग्रजीतला रोमँटिक काळ बहुतेकदा तिथूनच मोजला जातो.

या कवींनी स्त्रीच्या सौंदर्यावर पुष्कळ लिहिलं आणि वर्णनाची जुनी रीतही बदलली.

आधीची रीत काय होती?

चौदाव्या शतकातल्या इटालियन कवी पेट्रार्कनं लॉरा नावाच्या स्त्रीवर शेकडो कविता लिहिल्या. पुढे त्याच्या अनुकरणातून एक साचाच तयार झाला. डोळे सूर्यासारखे, ओठ पोवळ्यासारखे, दात मोत्यांसारखे, अशी एकेका अवयवाला एकेक उपमा. आपल्याकडच्या नखशिखान्त वर्णनाशी याचं बरंच साम्य आहे. या साच्याचा इतका अतिरेक झाला, की शेक्सपिअरनं १६०९ साली छापल्या गेलेल्या आपल्या एका सुनीतात त्याची उघड थट्टा केली.

रोमँटिक कवींनी अवयवांची ही यादी पूर्णपणे टाकून दिली नाही, पण तिचं महत्त्व कमी केलं. तिला पाहून पाहणाऱ्याच्या मनात काय होतं, याला ते जास्त जागा देऊ लागले.

बायरन : दिवसाऐवजी रात्र

जून १८१४ मध्ये लंडनमधल्या एका समारंभात लॉर्ड बायरननं आपल्या आतेभावाची पत्नी अ‍ॅन विल्मट हिला पाहिलं. ती शोकाच्या काळ्या पोशाखात होती आणि त्या पोशाखावर चमकत्या टिकल्या होत्या. त्यावरून त्याला 'शी वॉक्स इन ब्यूटी' ही कविता सुचली. ती १८१५ साली 'हिब्रू मेलडीज' या संग्रहात आली.

सुंदर स्त्रीची तुलना सूर्याशी किंवा उजेडाशी करण्याची सवय जुनी होती. बायरननं मात्र तिला निरभ्र, चांदण्यांनी भरलेल्या रात्रीची उपमा दिली. अंधार आणि प्रकाश यांचा तिच्यात असा तोल साधला आहे, की एक छटा कमी-जास्त झाली तरी तो बिघडेल, असं कविता सांगते. पुढे गाल, कपाळ आणि हसू येतं, पण ते शांत मनाची आणि निष्पाप हृदयाची खूण म्हणून. चेहरा हा मनाचा आरसा, ही कल्पना इथे पूर्ण कवितेला आधार देते.

वर्ड्सवर्थ : ओळख वाढते तसं सौंदर्य बदलतं

'शी वॉज अ फँटम ऑफ डिलाइट' ही कविता वर्ड्सवर्थनं आपली पत्नी मेरी हिच्याबद्दल १८०४ साली लिहिली. त्याआधी दोन वर्षं त्यांचं लग्न झालं होतं. कवितेत तीन कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्यात तो तिला आणखी जवळून पाहतो. पहिल्यात ती क्षणभर चमकून जाणारी, जणू या जगातली नसलेली आकृती आहे. दुसऱ्यात ती घरात वावरणारी, हसणारी-रडणारी माणूस होते. तिसऱ्यात विवेक, सोशिकपणा, दूरदृष्टी आणि ताकद हे तिचे गुण समोर येतात. पहिल्या नजरेतलं रूप खोटं ठरत नाही, फक्त ते अपुरं होतं हे कळतं.

कीट्स : भुलवणारं सौंदर्य

याच काळात सौंदर्याची दुसरी, भीतीदायक बाजूही दिसते. कीट्सच्या 'ला बेल दाम सां मेर्सी' (१८१९) या कवितेत एक सरदार रानात भेटलेल्या सुंदर स्त्रीवर भाळतो आणि शेवटी ओसाड टेकडीवर एकटा, निस्तेज भटकत राहतो. कवितेच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'निर्दय सुंदरी'.

पण ती निर्दय आहे हे सांगतं कोण? हकिगत सगळी सरदाराच्या तोंडून येते. ती अनोळखी भाषेत बोलते आणि त्याचा अर्थ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असा तोच लावतो. त्याला सावध करतात तेही स्वप्नात आलेले राजे आणि योद्धे. तिची बाजू वाचकापर्यंत पोहोचतच नाही.

सगळ्यांत मोठा आक्षेप

या तिन्ही कवितांत पुरुष पाहतो आणि बोलतो. बायरनची नायिका एक शब्दही उच्चारत नाही. वर्ड्सवर्थच्या 'ल्यूसी' कवितांमधली मुलगी तर मेल्यावरच कवितेच्या केंद्रस्थानी येते. त्यामुळे स्त्रीवादी समीक्षक विचारतात, की ही स्त्रीची चित्रं आहेत की कवीच्या स्वतःच्या मनाची?

हा प्रश्न त्या काळातही उठला होता. स्त्रीला सौंदर्यावरच अवलंबून राहायला शिकवणं म्हणजे तिला दुबळं ठेवणं, असं मेरी वुल्स्टनक्राफ्टनं १७९२ सालच्या आपल्या स्त्री-हक्कांवरच्या ग्रंथात ठामपणे मांडलं.

कवितेतून उत्तर दिलं ते मेरी रॉबिन्सननं. ती गाजलेली अभिनेत्री होती. रेनल्ड्स, गेन्सबरो यांसारख्या नामवंत चित्रकारांनी तिची चित्रं काढली होती. पुढे ती लेखनाकडे वळली. १७९६ साली आलेल्या 'सॅफो अँड फेऑन' या ४४ सुनीतांच्या मालिकेत तिनं प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोला बोलतं केलं. इथे पाहणारी स्त्री आहे आणि फेऑन या पुरुषाचं रूप तिच्या नजरेतून दिसतं.

मराठीशी नातं

बायरन, वर्ड्सवर्थ आणि कीट्सच्या वरच्या तिन्ही कविता पालग्रेव्हनं १८६१ साली संपादित केलेल्या 'गोल्डन ट्रेझरी'त आहेत. इंग्रजी शिकलेल्या मराठी कवींना या काव्याची ओळख झाली आणि केशवसुतांपासून (१८६६–१९०५) मराठी कवितेतही कवीचं खासगी मन मोकळेपणानं बोलू लागलं.

या कविता वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: वर्णन रूपाचं आहे की त्याच्या परिणामाचं, उपमा कुठून घेतली आहे, आणि जिच्याबद्दल कविता आहे तिला बोलायची संधी मिळते का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं येतं. कविता गोड लागली, तरी ते उत्तर नजरेआड करू नये.