चाळीस मिलिमीटरची नळी

काही आजार माणूस घरातल्या घरातही सांगत नाही. गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या साधारण पंधरा सेंटिमीटर भागाचा आजार त्यातलाच. रक्त पडले की मूळव्याध समजायचे, कुणाकडून तरी औषध आणायचे आणि शरमेने गप्प राहायचे. या गप्प राहण्याची किंमत किती मोठी होती, ते शस्त्रक्रियेच्या इतिहासात दिसते.

1826 साली पॅरिसमध्ये जाक लिस्फ्रां यांनी खालच्या बाजूने चिरा देऊन गुदाशयातील कर्करोगाची गाठ काढली. ईथरची भूल यायला अजून वीस वर्षे होती. रुग्णाने काय सोसले असेल याचा विचारही करवत नाही. पुढे भूल आली, जंतुनाशके आली, तरी आजार परतायचा. लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी याच पद्धतीने 57 रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यातील 54 जणांचा कर्करोग उलटला. माइल्स यांनी मृत्यूनंतर या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा रोग लसिकाग्रंथींच्या वाटेने वर पोटात चढलेला दिसला. म्हणून 1908 साली त्यांनी नवी पद्धत मांडली. पोट आणि खालची बाजू दोन्हीकडून उघडायचे, गुदद्वारासह सगळा गुदाशय आणि ग्रंथी काढायच्या आणि आतड्याचे तोंड कायमचे पोटावर आणायचे. सुरुवातीच्या रुग्णांपैकी 40 टक्क्यांहून जास्त शस्त्रक्रियेनेच दगावले. जे जगले त्यांच्यात मात्र आजार उलटण्याचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास आले. त्या काळी हा फार मोठा फरक होता.

पोटावरच्या पिशवीने प्राण वाचले, पण माणसे समाजातून उठली. लग्नाच्या पंगतीत बसावे की नाही, एसटीने प्रवास करावा की नाही, असे प्रश्न सुरू झाले. मुसलमान रुग्णाला आणखी एक धास्ती असते, वजू टिकत नसेल तर नमाजचे काय? फिक्हमध्ये याचे उत्तर जुने आहे. ज्याचा उजर सतत चालू आहे तो माजूर, आणि हनफी मतानुसार त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी एकदा वजू करावा. हे ठाऊक नसल्याने मशिदीत जाणेच सोडणारी माणसे असतात.

पण ज्याची गाठ लहान आहे, अजून आत रुजलेली नाही, त्यालाही एवढी मोठी शिक्षा का? गुदद्वारातून हाताने गाठ काढता यायची, पण हात आणि नजर थोड्याच अंतरापर्यंत पोहोचत. वरची गाठ दिसायचीच नाही, अर्धवट निघायची.

हा प्रश्न जर्मनीत गेरहार्ड ब्यूस यांनी सोडवला. 1980 च्या सुरुवातीला ते कोलोनमध्ये होते, नंतर ट्युबिंगनला गेले. रिचर्ड वोल्फ या उपकरणे बनवणाऱ्या कंपनीबरोबर त्यांनी 40 मिलिमीटर रुंदीची धातूची नळी तयार केली. ती रुग्णाच्या खाटेला जोडलेल्या दांडीवर पक्की बसते. तोंडाला हवाबंद झाकण असते. त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडला की एरवी मिटलेला गुदाशय फुग्यासारखा उघडतो. मला यातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. जागा करण्यासाठी कापावे लागत नाही, वायू जागा करतो. दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण गाठ मोठी करून, खोलीसकट दाखवते. लांब दांड्यांच्या अवजारांनी गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह कापायची आणि जखम शिवायची. इतक्या आत गाठ मारणे अवघड, म्हणून दोऱ्याच्या टोकाला चांदीची छोटी चिमटी दाबून बसवायची. 1983 पासून हे रुग्णांवर सुरू झाले. पोटावर चिरा नाही, पिशवी नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी केली, तीही 1985 ची. म्हणजे आज गावोगावी माहीत झालेल्या 'दुर्बिणीच्या ऑपरेशन'च्याही आधीची ही गोष्ट आहे.

एवढे असून ही पद्धत वर्षानुवर्षे मोजक्याच रुग्णालयांत राहिली. उपकरण महाग होते, आणि एकाच अरुंद नळीतून दोन्ही हात चालवायला शिकणे कठीण. ब्यूस यांनी जनावरांच्या आतड्यावर सराव करायला लावून देशोदेशीचे सर्जन तयार केले. एक मर्यादा मात्र कौशल्याने सुटणारी नव्हती. या नळीतून लसिकाग्रंथी काढता येत नाहीत. म्हणून कर्करोग न झालेले मोठे कोंब आणि आतड्याच्या वरवरच्या थरातच असलेला अगदी सुरुवातीचा कर्करोग, एवढ्यांसाठीच ती खरी उपयोगी. रोग खोल गेला की पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, आणि गाठ फार खाली असेल तर आजही पिशवी.

खर्चाचा प्रश्न अमेरिकेत सुटला. फ्लोरिडातील सॅम अटाला, मॅथ्यू अल्बर्ट आणि सर्जिओ लाराक यांनी धातूच्या नळीऐवजी लवचीक रबरी तोंड बसवले आणि पित्ताशयासाठी वापरतात तीच नेहमीची दुर्बीण व अवजारे त्यातून आत नेली. 2010 मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर खास उपकरण विकत न घेताही हे काम करता येऊ लागले.