सोन्याचा डिंक

दागिने घडवायला नव्याने शिकणाऱ्याची पहिली फजिती बहुधा डाख देताना होते. डाख म्हणजे दागिन्याच्या धातूपेक्षा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू. चांदीच्या अंगठीची दोन टोके जुळवायची, सांध्यावर डाखाचा तुकडा ठेवायचा आणि तापवायचे. ऐकायला सोपे वाटते. पण शिकाऊ माणूस ज्योत नेमकी डाखावर धरतो. डाख वितळतो, त्याची गोळी होते आणि ती गडगडत खाली पडते. दुसऱ्या खेपेला डाख नको तिथे पसरतो. तिसऱ्या खेपेला अंगठीच वितळते.

वस्ताद सोनार तेव्हा दोनच गोष्टी सांगतो : टाकणखार लाव आणि आधी सगळी अंगठी तापव. दोन्हींमागे शास्त्र आहे. दागिन्याच्या चांदीत थोडे तांबे असते. तापल्यावर पृष्ठभागावर तांब्याचे ऑक्साइड तयार होते आणि त्यावर डाख धरत नाही. वितळलेला टाकणखार हे ऑक्साइड विरघळवतो आणि हवेला दूर ठेवतो. वितळलेला डाख जिकडे उष्णता जास्त तिकडे धावतो. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजू सारख्या तापलेल्या लागतात.

एकोणिसाव्या शतकात रोममधील एका नामवंत सोनार घराण्यावर असेच शिकाऊ होण्याची वेळ आली. त्याची ही हकिकत.

१८३६ साली इटलीत चेर्वेतेरी या गावाजवळ रेगोलिनी-गालास्सी नावाने ओळखली जाणारी कबर उघडली गेली. ती रोमन साम्राज्याच्या कितीतरी आधीच्या एट्रस्कन लोकांची, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातील होती. तीत सापडलेल्या सोन्याच्या दागिन्यांवर बारीक रव्यांची नक्षी होती. एट्रस्कन दागिन्यांवरचे कित्येक रवे पाव मिलिमीटरपेक्षाही लहान आहेत. प्रत्येक रवा पूर्ण गोल आहे आणि पत्र्याला केवळ एका बिंदूपाशी चिकटलेला आहे.

रवे बनवणे फार अवघड नाही. सोन्याच्या तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत मिसळून मुशीत तापवले की ते वितळतात आणि पृष्ठताणामुळे गोल होतात. कोळशामुळे ते एकमेकांपासून वेगळे राहतात. कोडे होते ते रवे चिकटवण्याचे. डाख लावावा तर तो रव्यांमधल्या फटीत भरतो आणि नक्षी बुजते. डाखाशिवाय तापवावे तर रव्यांबरोबर पत्राही वितळतो.

रोममध्ये फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी याने १८१४ साली सराफी पेढी काढली होती. त्याने आणि आलेस्सांद्रो व आउगुस्तो या त्याच्या मुलांनी हे काम पुन्हा साधण्याचा ध्यास घेतला. नाना प्रयोग फसले. तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. सांत आंजेलो इन वादो या डोंगराळ भागातल्या गावात अजून जुन्या धाटणीचे, रव्यांचे दागिने घडवले जात, असे त्यांना आढळले. तिथल्या कारागिरांना त्यांनी रोमला आणले. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे सोनारांचेच कान टोचायला खेड्यातले कारागीर आले! त्यांच्या मदतीने, अतिशय बारीक कुटलेला डाख वापरून कास्तेल्लानींनी सुंदर दागिने घडवले. तरीही एट्रस्कन रव्यांची सफाई त्यांना पूर्णपणे साधली नाही, कारण फटीत थोडा तरी डाख राहतच असे.

उत्तर मिळायला १९३० चे दशक उजाडावे लागले. जर्मनीत योहान विल्म आणि एलिझाबेथ ट्रेस्को यांनी आपापल्या प्रयत्नांनी रवेकाम साधले. इंग्लंडमध्ये हेन्री लिटलडेल यांनी एका पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यात डाखाचा तुकडा नव्हताच. तांब्याचा एखादा क्षार वाटून डिंकासारख्या चिकट द्रवात मिसळायचा आणि त्याने रवे पत्र्यावर चिकटवायचे. तापवल्यावर क्षाराचे तांब्याच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. डिंक जळून त्याचा कोळसा होतो. आणखी तापल्यावर हा कार्बन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि जिथे रवा पत्र्याला टेकला आहे तिथे तांब्याचा सूक्ष्म थर उरतो.

आता खरी गंमत. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांबे १०८५ अंशांना. पण वजनाने चार भाग सोने आणि एक भाग तांबे यांचे मिश्रण सुमारे ९१० अंशांनाच वितळते. मीठ मिसळलेला बर्फ शून्याखालीही वितळतो, तसाच हा प्रकार. म्हणजे डाख बाहेरून आणावा लागत नाही. तो हवा तिथेच आणि हवा तेवढाच तयार होतो. बाकीचे सोने घनच राहते.

एट्रस्कन कारागीर सर्वत्र हीच कृती वापरत होते का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र तांब्याच्या क्षाराने सोने सांधण्याची युक्ती प्राचीन आहे, यात शंका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने तांब्याचा जंगाल, खार आणि लहान मुलाचे मूत्र तांब्याच्या खलात घोटून सोनार जोडकामासाठी मिश्रण करतात, असे लिहून ठेवले आहे. अशा हिरव्या द्रव्याचे ग्रीक नाव ‘क्रिसोकोला’. त्याचा अर्थच ‘सोन्याचा डिंक’!

प्लिनीचा ग्रंथ १४६९ पासून छापील रूपात होता. म्हणजे कृती हरवली नव्हती. ती करणारे हात हरवले होते. खार किती, ज्योत कशी, सोन्याचा रंग कोणता दिसला की थांबायचे, हे वस्तादाशेजारी बसूनच कळते. ती साखळी तुटली की ग्रंथातले वाक्य नुसते वाक्य उरते. आपल्या उपखंडातही तक्षशिलेच्या सिरकप भागातील उत्खननात रवेकामाचे सुरेख दागिने मिळाले आहेत. ज्या हातांनी ते घडवले, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव आपल्याला माहीत नाही.

वर्गात सोन्याचे रवे करता येणार नाहीत. पण दागिने शिकणाऱ्याचा एक प्राथमिक धडा करून पाहता येईल. एक मिलिमीटर जाडीची उघडी तांब्याची तार घ्या. तिच्यावर लाखेचा लेप असल्यास घासून काढा. एकाच जागी चार-सहा वेळा वाकवा, ती कडक होईल. मग चिमट्यात धरून, शिक्षकाच्या देखरेखीखाली, मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. पुन्हा वाकवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना विचारा : तार कडक झाली असेल की मऊ? पोलादाच्या अनुभवावरून बरेच जण ‘कडक’ म्हणतील. तार हातात दिली की उत्तर त्यांना त्यांच्या बोटांकडून मिळेल.